एका क्लिकची किंमत

रायफलीवर नवा स्कोप बसला की मुलांना लगेच दूरचं टार्गेट पाहायचं असतं. मी आधी नॉबवरची बारीक अक्षरं वाचायला लावतो. कुठे लिहिलेलं असतं ‘१ क्लिक = १/४ एमओए’, कुठे ‘०.१ मिल’. पुढचा प्रश्न ठरलेला: “सर, म्हणजे किती मिलिमीटर?” मी उलट विचारतो, “किती मीटरवर?” क्लिक कोन मोजतो, लांबी नव्हे. अंतर ठरल्याशिवाय त्याचे मिलिमीटर निघत नाहीत.

एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, पंचांगातली कला. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण ३१ कला व्यापतो, एवढं सांगितलं की कलेचा बारीकपणा ध्यानात येतो. १०० मीटरवर एक कला २.९ सेंटीमीटर भरते, ५० मीटरवर त्याच्या निम्मी, २५ मीटरवर ७ मिलिमीटरहून किंचित जास्त. मिलचा हिशेब आणखी सोपा: अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटीमीटर, म्हणजे ०.१ मिलचा क्लिक बरोबर १ सेंटीमीटरचा.

घोळ होतो तो रेटिकल, म्हणजे स्कोपच्या आतल्या खुणा, मिलचं आणि नॉब एमओएचा असला की. जुन्या स्कोपमध्ये अशी जोडी बरीच आढळते. रेटिकलमधून मार १ मिल खाली दिसला, तर नॉबवर किती क्लिक? १ मिल म्हणजे ३.४३८ कला, म्हणजे पाव कलेचे जवळपास १४ क्लिक. हा आकडा आपल्याकडे फार जुना आहे. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’तली ज्यासारणी ३४३८ कलांच्या त्रिज्येवर बेतलेली आहे. परिघाच्या २१,६०० कला केल्या की त्रिज्या तेवढीच येते. मिल म्हणजे त्या त्रिज्येचाच हजारावा भाग.

आता प्रत्यक्ष काम. एअर रायफल, २५ मीटर, पाव कलेचा क्लिक. इथे एक क्लिक १.८ मिलिमीटरचा. पाच छर्रे एकाच जागी नेम धरून सोडायचे आणि तोवर नॉबला हात लावायचा नाही. कागदावर पाच भोकांचा मध्य काढायचा. तो समजा २२ मिलिमीटर डावीकडे आणि १४ मिलिमीटर खाली आहे. मग उजवीकडे १२ क्लिक, वर ८. पुन्हा पाच छर्रे. एकेका छर्र्यामागे नॉब फिरवणारा दिवसभर स्वतःच्याच थरथरीचा पाठलाग करत बसतो, कारण एका भोकात स्कोपची चूक किती आणि हाताची किती, हे वेगळं काढता येत नाही. पाच भोकांचा मध्य स्कोपचं सांगतो, त्यांचा पसारा नेमबाजाचं आणि रायफल-छर्र्याच्या जोडीचं.

म्हणून वहीत ग्रुपची, म्हणजे त्या पसाऱ्याची, रुंदी कलांमध्ये लिहायला सांगतो. २५ मीटरवरचा २ सेंटीमीटरचा ग्रुप पावणेतीन कलांचा. तीच पकड, तोच श्वास ५० मीटरवर नेला तर तो निदान ४ सेंटीमीटरचा होणार. तिथे “आज हात बिघडला” म्हणण्यात अर्थ नाही. छर्रा खाली पडण्याचं गणित मात्र वेगळं. अंतर दुप्पट झालं की ती पड दुपटीहून जास्त वाढते, त्यामुळे प्रत्येक अंतराचे क्लिक गोळीबार करूनच टिपून ठेवावे लागतात.

पॅरिसमध्ये २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे पाऊण कलेहूनही लहान. तिथे स्कोप चालत नाही. भोकातून पाहायची डायॉप्टर साइट असते, आणि तिचे क्लिकही कोनच बदलतात. हे ऐकल्यावर महागडा स्कोप मागणारी मुलं थोडी गप्प होतात. मी त्यांना एवढंच सांगतो: नॉब ग्रुप सरकवतो, आवळत नाही. वहीतल्या तीन कलांच्या दोन झाल्या, तर त्या तुमच्या खांद्याने आणि ट्रिगरवरच्या बोटाने कमावलेल्या असतात.