कदम आणि चव्हाण

सुलोचना चव्हाणांचा एकच अल्बम घ्यायचा, पण तो सगळी कारकीर्द ऐकवणारा हवा, तर कोणता घ्यावा? गुरुग्रामात बसून हा प्रश्न अर्ध्या तासात सुटेल असं मला वाटत होतं. निमित्त जनकपुरीच्या आत्याचं. तिला ऐंशी पूर्ण होत होती. तिच्या माहेरी, आमच्या सोलापूरच्या घरी, रेडिओवर लावणी लागली की आजोबा बटण फिरवत. १९६८ साली लग्न होऊन ती दिल्लीला आली आणि बटण तिच्या हातात आलं. पण इथल्या रेडिओवर लावणी कुठली लागायला?

जे संच मिळतात त्यांची वेष्टनं निरनिराळी, आतली गाणी बरीचशी तीच. १९६२चा ‘रंगल्या रात्री अशा’, १९६४चा ‘सवाल माझा ऐका’, १९६५चा ‘मल्हारी मार्तंड’. खेबूडकर, गदिमा आणि सगळीकडे वसंत पवार. नशीब असेल तर राजा बढे आणि खळ्यांचं ‘कळीदार कपूरी पान’. तक्रार नाही, हे सगळं हवंच. शब्दाच्या शेवटी तो ठसका आला की आत्या आजही मांडीवर थाप मारते. शिवाय बाई गायच्या त्या दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन, जागच्या न हलता. आजोबांनी हे पाहायला हवं होतं, असं आत्याचं कायमचं म्हणणं.

पण वेष्टनावर ‘संपूर्ण कारकीर्द’ लिहिलं की मी हिशेब मांडते. बाई १९३३च्या, गिरगावातल्या. चव्हाण होण्याआधी त्या सुलोचना कदम होत्या आणि त्या नावानं हिंदी सिनेमात गात होत्या. १९५१चा ‘ढोलक’ घ्या. दिग्दर्शक रूप शौरी, संगीत श्यामसुंदर, दोघंही लाहोरकडून आलेले. त्यातला आवाज अलगद, किंचित लाजरा. ठसक्याचा मागमूस नाही. पुढे ‘हीच माझी लक्ष्मी’साठी वसंत देसायांनी त्यांच्याकडून लावणी गाऊन घेतली, पडद्यावर हंसा वाडकर. मग ‘कलगी तुरा’चे दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं. लावणीतला शब्द कसा टाकायचा हे त्यांनी शिकवलं. अत्र्यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं, आणि कदम आडनाव मागे राहिलं.

कुठे राहिलं, ते मला जामा मशिदीजवळच्या मीना बाजारात कळलं. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात मी ‘सुलोचना चव्हाण’ म्हटलं तर म्हाताऱ्या दुकानदारानं मान हलवली. ‘ढोलक’ म्हटल्याबरोबर तो उठलाच. “अच्छा, सुलोचना कदम! वो तो बहुत पहले ग़ायब हो गईं.” ग़ायब! २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी १० डिसेंबरला बाई गेल्या. मधली सत्तर वर्षं या माणसासाठी झालीच नव्हती. आणि पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात ओळखीच्या चौघांना विचारलं, तर त्यांच्यासाठी आधीची झाली नव्हती. मराठीचा कप्पा वेगळा, हिंदीचा वेगळा. संच काढणारे कप्प्यातलं काढतात. त्यात नावही बदललेलं, म्हणजे शोधायचं कुणी?

आत्याला हे सांगायला नको. लग्नात तिचं आडनावच नव्हे, नावही बदललं. सोलापूरहून येणाऱ्या पाकिटांवर जुनं नाव असे, आणि ती पाकिटं पोस्टमन बरीच वर्षं शेजारी विचारून मगच देई.

शेवटी लावण्यांचा एक संच घेतला आणि तो पेनड्राइव्हवर उतरवून हिंदी गाणी स्वतः जमवून घातली. क्रम लावताना अडले. वर्षानुसार लावली तर पहिल्या लावणीपर्यंत पोचायला अर्धा तास. आत्या तेवढ्यात चहा टाकायला उठणार. म्हणून ‘मल्हारी मार्तंड’ संपल्याबरोबर ‘ढोलक’ ठेवलं. कान त्या आवाजानं भरलेला असताना ओळख पटली तर तिथेच पटेल. अभ्यासकांना हा क्रम चालणार नाही. त्यांच्या आत्या वेगळ्या असतील.

ती ऐकत होती. “ही कोण गं?” मी काही बोलले नाही. दुसऱ्या कडव्याला तिनं डोळे मिटले. “वरच्या सुराला तीच आहे,” म्हणाली. “पण अजून कुणी हिला बोल म्हटलेलं नाही.” परत लावायला सांगितलं, दोनदा. मग पाय वर घेऊन बसली.

“बरं, आता ढोलकी लाव.”