राबडी निवते तेव्हा

बाजरीचं पीठ, ताक आणि ऊन! एवढंच! जयपूरला ज्यांच्याकडे उतरले होते त्या काकीसांनी पीठ ताकात कालवून हंडी उन्हात ठेवली, आणि मग ते आंबलं, आणि मग मंद आचेवर रटरट शिजलं, आणि मग रात्रभर निवलं, आणि मग सकाळी ताजं ताक नि भाजलेलं जिरं घालून वाटी माझ्या हातात आली! राबडी! आपल्या आंबिलीची सख्खी बहीण!

पण शिजवताना आंबवणारे जिवाणू मरतात ना? मरतात! मग पोटाला ती इतकी मानवते कशी? हा प्रश्न मला बसू देईना. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. पण वाचत सुटले, आणि आता तुम्हालाही सोडणार नाही!

आपल्या शरीरात मुळातच जिवाणू राहतात. अंदाजे 38 लाख कोटी! बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात! आणि त्यांनाही भूक असते! बाजरीतले तंतू पचवणारी विकरं आपल्याकडे नाहीतच, म्हणून ते न पचता खाली उतरतात, आणि मग ही मंडळी त्यांतल्या बऱ्याच तंतूंवर ताव मारतात, आणि मग ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, आणि मग मुख्यतः त्यावरच मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात! जेवतात ते, पोट भरतं आपल्या आतड्याचं! जिवाणूंच्या अशा खाद्याला गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या संशोधकांनी 1995 साली 'प्रीबायोटिक' नाव दिलं.

आणि ते रात्रभर निवणं! मला सगळ्यात आवडलं ते हेच! शिजलेला स्टार्च थंड झाला की त्यातला थोडा पुन्हा घट्ट बांधला जातो, आपल्याला पचेनासा होतो, आणि मग तोही जिवाणूंच्या पानात पडतो! शेवटचं ताक तर उकळलेलंच नसतं, म्हणजे त्यातले जिवाणू जिवंत!

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवलं, की भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला हे जिवाणू विशेष भरपूर आहेत. कोण हे? धान्य, डाळी, भाज्या खाणाऱ्यांच्या पोटात जगभर आढळणारे! बाजरीवाल्यांचे सोबती!

चला, आजच पीठ भिजवा! सवय नसेल तर अर्धी वाटीच घ्या हं, एकदम तंतू वाढले की पोट फुगतं. आणि सोबत लसणाची चटणी हवीच. लसणात इन्युलिन असतं, तेही जिवाणूंचंच खाद्य!