ट्रे मी उचलला, मग सर्व्हिस कुणाची?

बारामतीकर मंडळी, आज रस्ते, पाणी, कचरा जरा बाजूला ठेवतो आणि बर्गरच्या बिलावर बोलतो. विषय किरकोळ वाटेल. पण हे तीस रुपये शेवटी आपल्याच गावच्या पोरांच्या पगारापाशी जाऊन थांबतात, म्हणून लिहितोय.

एमआयडीसी आणि भिगवण रोडच्या पट्ट्यात बर्गर-पिझ्झाचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. १९९६ साली दिल्ली-मुंबईत मॅकडोनल्ड्स सुरू झालं तेव्हा आमच्या पिढीनं ते पेपरात वाचलं होतं. आता कॉलेजची मुलं, पहिली शिफ्ट सुटलेली कॉन्ट्रॅक्टवरची पोरं आणि रविवारी आमच्यासारखी कुटुंबं, सगळे एकाच काउंटरपुढं. पद्धत आता सगळ्यांना पाठ झालीय. आपणच जाऊन ऑर्डर द्यायची, पैसे आधी द्यायचे, नंबर लागला की आपणच ट्रे उचलून आणायचा. सॉसच्या पुड्यासुद्धा मागून घ्यायच्या. याबद्दल तक्रार नाही, त्यामुळंच तर ते पटकन मिळतं.

मागच्या महिन्यात अशाच एका ठिकाणी (नाव लिहीत नाही, मुद्दा एका दुकानाचा नाही) सहाशे रुपयांची ऑर्डर दिली. स्क्रीनवर आकडा आला ६६१ रुपये ५० पैसे. मी कंपनीत स्टोअर सांभाळतो, आकडा जुळल्याशिवाय हात पुढं जात नाही. सहाशेवर पाच टक्के जीएसटी म्हणजे ६३० व्हायला पाहिजेत. मग वरचे साडेएकतीस कशाचे? बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'स्टाफ वेल्फेअर', तीस रुपये. आणि त्या तीसवर पुन्हा जीएसटी, दीड रुपया.

काउंटरवरच्या पोराला विचारलं, हे काय आहे? म्हणाला, "सर, ते ऑटोमॅटिक येतंय."

"काढता येत नाही का?"

"येतंय की. पण मॅनेजरचा पासवर्ड लागतोय."

लावायला कुणाचीच परवानगी लागत नाही आणि काढायला पासवर्ड! मॅनेजर आले, भला माणूस होता, काही वाद न घालता काढून दिलं. मागं रांगेतून आवाज आला, "तीस रुपयांसाठी काय राव!" त्या भावाला तिथं काही बोललो नाही, इथं बोलतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलनं बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही. दुसरं कुठलं नाव देऊनही लावायचा नाही. द्यायचा की नाही ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, आणि देत नाही म्हणून त्याला दारातून परत पाठवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं निकाल दिला आणि सूचना कायम ठेवल्या. त्यावर अपील झालंय, ते चालेल तेव्हा चालेल. तेव्हा 'स्टाफ वेल्फेअर' म्हणा, 'सर्व्हिस काँट्रिब्युशन' म्हणा, न विचारता लावलं असेल तर काढून द्या म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. नाहीच काढलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

हा झाला कायदा. मला खरं खटकलं ते पुढचं.

खाऊन निघताना तोच पोरगा बाहेर पार्किंगमध्ये भेटला, ब्रेकला आला होता. आता सरचा काका झाला होता. सहज विचारलं, अरे, ते वेल्फेअरचे पैसे तुम्हाला मिळतात का? पोरगं हसलं. "काय म्हायती काका. पगारात तर असं काय वेगळं येत नाय." बारावी झालेला, इंदापूर तालुक्यातल्या एका गावाहून रोज गाडीवर येतो. आठ-नऊ तास उभं राहायचं, रात्री दुकान बंद झालं की फरशी पुसूनच घरी निघायचं.

म्हणजे त्याच्या नावानं पैसे गोळा होतात आणि त्यालाच पत्ता नाही.

आपल्या भागात पिआजिओची तीनचाकी बनते. गाडी घेताना बिलात 'वेल्डर कल्याण निधी' असा रकाना बघितलाय का कुणी? कामगाराचा पगार मालाच्या किमतीत धरलेला असतो. बर्गरवाल्याला परवडत नसेल तर त्यानं दहा रुपये भाव वाढवावा, मेनूवर लिहावा. आम्ही बघू, परवडलं तर खाऊ. हॉटेलच्या कामाला किमान वेतन लागू आहे आणि ते मालकानं द्यायचं आहे. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या वेटरला मालकानं स्वतःच्या खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी तिथल्या केंद्रीय कायद्याला चालतं. बाकीचं टिपेतून भरून निघावं आणि नाही निघालं तरच मालकानं भर घालावी, असा हिशेब. १९९१ पासून तो आकडा हललेला नाही. एकदा गिऱ्हाइकानं पगार भरायची सवय लावून घेतली की काय होतं ते तिथं दिसतंय.

टिपेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी कंजूष म्हणून मोकळं होईल. मिसळ खाल्ली, बशीत बिल आणि बडीशेप आली, सुटे पैसे तिथंच ठेवून उठलो, हे आपण वर्षानुवर्षं करत आलोय. ते पैसे थेट त्या पोऱ्याच्या खिशात जायचे. ही बशी रिकामी केली ती यूपीआयनं. आता बिल २८७ झालं तर २८७च जातात, सुटे उरतच नाहीत. गिऱ्हाईक बदललं नाही, हातातलं नाणं गेलं. वेटर लोकांचं यात किती गेलं याचा कुणी हिशेब मांडला नाही.

त्याऐवजी आता दुसरीच टिप मागतात. "सर, गूगलवर फाइव्ह स्टार द्या ना, माझं नाव टाकून." तुम्हालाही अनुभव असेल. ज्याचं नाव जास्त वेळा येतं त्याच्यावर साहेब खूश. ठीक आहे, चांगलं काम केलं असेल तर मी आनंदानं नाव लिहितो. पण याची दुसरी बाजू अशी की बर्गर गार आला, एसी बंद होता, मशिन बिघडलं, तर लोक राग काढतात तोही त्या पोराचं नाव घालून एक स्टार देऊन. मशिन काय त्यानं बिघडवलं? तक्रार लिहायची तर खुशाल लिहा, पण नाव दुकानाचं लिहा, काउंटरवरच्या पोराचं नको.

आणि ॲपवाल्यांची तर कमालच. गाडी यायच्या आधीच टिप मागायची, म्हणजे लवकर येईल म्हणे. मे २०२५ मध्ये याच कारणावरून उबरला नोटीस गेली. कामाच्या आधी मागतात त्याला आपल्याकडं चहापाणी म्हणतात, आणि ते कुठल्या टेबलावर चालतं ते या पेजवर सांगायची गरज नाही.

माझी बारामतीतल्या हॉटेलवाल्यांना एकच विनंती आहे. वेल्फेअरचे पैसे घेत असाल तर काउंटरवर पाटी लावा, ऐच्छिक आहे, आणि गेल्या महिन्यात किती जमले, कुणाला किती वाटले. आणि ज्यांची पोरं-पोरी अशा ठिकाणी कामाला आहेत त्यांनी घरी विचारून बघा, त्यांना काय मिळतं. मला कळवा, नाव गुप्त राहील.

मी स्वतः आता पाकिटात दहा-वीसच्या नोटा ठेवतो. त्या दिवशी पार्किंगमध्ये त्याला वीस दिले तर आधी घेईना, आत कॅमेरा आहे म्हणाला. मग आपण बाहेर आहोत हे त्याच्या लक्षात आलं. सुट्ट्याचीच काय ती अडचण आहे, एटीएममधून पाचशेच निघतात. आमच्या कंपनीच्या गेटवरचा चहावाला सकाळी सातच्या आत गेलं तर देतो.