कळ दाबतांच

ज्या वयांत जिना चढतांना गुडघे कुरकुरूं लागतात, त्या वयांत मीं ताशीं ३०० किलोमीटरांचा वेग गांठला. तोहि खोलीबाहेर पाऊल न टाकतां! पुतण्यानें आणून दिलेल्या शर्यतीच्या आभासयंत्रांत मीं निवडली ती १९७० सालची पोर्शे ९१७. बारा सिलिंडरांचें एंजिन, त्याला थंड ठेवणारा केवळ वारा; आणि वजन वांचावें म्हणून गिअरच्या दांड्याची मूठसुद्धां हलक्या बाल्सा लाकडाची! हीच गाडी हांकून हेर्मान आणि ॲटवुड यांनीं त्या वर्षीं फ्रान्समधील ल मां येथली चोवीस तासांची शर्यत भर पावसांत जिंकली.

तेथील मुल्सानचा रस्ता जवळजवळ सहा किलोमीटर सरळ धांवे. १९९० सालीं त्यांत वळणें घातलीं गेलीं. माझ्या पडद्यावर तो अद्याप सरळच आहे. हातांतलें चाक थरथरतें, एंजिन कानांत किंचाळतें, पण घशाला कोरड कांहीं पडत नाहीं. वेगाची नक्कल साधली आहे. भीतीची साधलेली नाहीं. भिंतीवर आदळलेली गाडी कळ दाबतांच पुन्हां कोरी करकरीत!

१९६९ सालीं जॉन वुल्फ नांवाच्या इंग्रज गृहस्थानें याच जातीची गाडी हौसेनें विकत घेतली, आणि ल मांच्या पहिल्याच फेरींत तो मरण पावला. या गाडींत चालकाचे पाय पुढच्या चाकांच्या आंसापलीकडे असत, हें वाचल्यापासून मी टेबलाखालीं आपले पाय नकळत मागें ओढूं लागलों आहें.

"काका," पुतण्या म्हणतो, "ब्रेक पुढें आहे!"