डावी तर्जनी

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

चि. अनिकेत यास,


तुझी लांबलचक मेल वाचली. नवी नोकरी लागली हे छान झालं, पण त्या आनंदावर दोन ओळी आणि बाकी सगळा राग जपानच्या इमिग्रेशनवर! पत्ता बदलला की कळवा, नोकरी सोडली की कळवा, नवी धरली की पुन्हा कळवा, कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही रहिवासी कार्ड खिशात हवं. त्यातून टोकियोतल्या निशी-कासाई स्टेशनबाहेरच्या गर्दीत पोलिसाने नेमकं तुलाच थांबवलं. ‘मावशी, मी काय जामिनावर सुटलोय? हे मानवी हक्कांच्या विरुद्ध नाही का?’ असं विचारतोस.

उत्तर देते, पण त्याआधी त्या कार्डाची जन्मकथा ऐक. तुझ्या कार्डावर फोटो आहे, पत्ता आहे, व्हिसाचा प्रकार आहे. बोटाचा ठसा मात्र नाही. माझ्या वेळच्या परदेशी नोंदणीच्या पुस्तिकेत तो होता. तो कसा गेला, हीच खरी गोष्ट.

१९८४ साली शिष्यवृत्तीवर मी ओसाकाला गेले. तिथल्या वॉर्ड ऑफिसात परदेशी नोंदणी करायची होती. काउंटरवरचा कारकून अगदी अदबीने वागला. त्याने माझी डावी तर्जनी आपल्या चिमटीत धरली, काळ्या शाईवर टेकवली आणि कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवली. ठसे तीन कागदांवर हवे होते, म्हणून तीनदा. मग बोट पुसायला कागद पुढे केला आणि वाकून आभार मानले. मला काही फारसं वाटलं नाही. मी परक्या देशात आले होते, नियम त्यांचे होते. पण शेजारी शाळेच्या गणवेशात एक मुलगी आईबरोबर उभी होती. ठसक्यात ओसाकाची बोली बोलत होती. वयाची सोळा वर्षं पूर्ण झाल्यामुळे तिलाही तर्जनी पुढे करायची होती. ती कोरियन होती, आणि जन्मली होती तिथेच, इकुनो वॉर्डात. मी परदेशी, हे ठीक. पण ती कुठली परदेशी?

याचं उत्तर १९१० सालापासून सुरू होतं. त्या वर्षी जपानने कोरिया गिळंकृत केला आणि कोरियन माणसं जपानच्या सम्राटाची प्रजा झाली. कोणी पोटासाठी जपानात आलं, कोणाला खाणींत राबायला आणलं गेलं. १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा जपानात सुमारे वीस लाख कोरियन होते. बहुतेक परत गेले, सहाएक लाख राहिले. ३ मे १९४७ ला जपानची नवी राज्यघटना लागू झाली. आदल्याच दिवशी, २ मेला, सम्राटाच्या नावाने एक वटहुकूम निघाला, की कागदोपत्री अजून जपानी असलेल्या या लोकांना नोंदणीपुरतं परदेशी समजावं. पुढे २८ एप्रिल १९५२ ला शांतता करार अमलात आला आणि त्यांचं नागरिकत्वही गेलं. कुणालाही ‘तुला काय हवं?’ असं विचारलं नाही. परदेशी नोंदणी कायदा झाला तोही त्याच दिवशी. १९५५ पासून ठसे घेणं सुरू झालं. सरकारचं म्हणणं असं, की युद्धानंतर रेशनसाठी खोट्या नावांच्या नोंदी फार झाल्या होत्या, त्यांना आळा घालायचा तर ठसा हवा. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण रेशनचा जमाना सरला तरी शाई वाळली नाही. जपानी माणसाचे ठसे घेतले जात ते त्याला अटक झाल्यावर. या मुलांचे घेतले जात सोळावं सरल्यावर.

१९८० च्या सप्टेंबरात टोकियोच्या शिंजुकु वॉर्ड ऑफिसात हान जोंग-सोक नावाच्या कोरियन गृहस्थांनी ठसा द्यायला नकार दिला. एकट्याचं बंड म्हणून लोकांनी त्याची दखल घेतली. मग हळूहळू माणसं उभी राहिली. कोरियन होते, चिनी होते, अमेरिकन मिशनरी आणि शिक्षकही होते. १९८५ साली लाखो लोकांच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ एकदम आली आणि नकार देणाऱ्यांची संख्या हजारांत गेली. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट काउंटरच्या अलीकडची नाही, पलीकडची आहे. कावासाकीच्या महापौरांनी त्या वर्षी जाहीर केलं, की आमची नगरपालिका नकार देणाऱ्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार करणार नाही. इतर काही नगरपालिकांनीही तोच रस्ता धरला. ज्यांनी बोट धरायचं त्यांनीच ते सोडलं.

सरकारकडे मात्र दंडापेक्षा धारदार हत्यार होतं: जपानबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी. चे सुन-ए ही पियानोवादक जपानातच जन्मलेली. तिने ठसा नाकारला, सरकारने परवानगी नाकारली. १९८६ साली ती तशीच अमेरिकेला शिकायला गेली आणि जन्मभूमीतला कायम वास्तव्याचा हक्क गमावून बसली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९८ साली ती हरली. कॅथलीन मोरिकावा या अमेरिकन बाईंनाही अशीच परवानगी नाकारली गेली. १९९२ साली न्यायालयाने सांगितलं, की परदेशी माणसाला बाहेर जाऊन परत येण्याचा घटनात्मक हक्कच नाही.

१९८९ मध्ये सम्राट हिरोहितोंच्या निधनानिमित्त सार्वत्रिक माफी जाहीर झाली आणि चालू खटले गुंडाळले गेले. कित्येकांना ती माफी झोंबली. त्यांना क्षमा नको होती, निकाल हवा होता. शेवटी न्यायालयाने नाही, तर मुत्सद्देगिरीने वाट काढली. १९९१ च्या जानेवारीत जपानचे पंतप्रधान काइफु सोलला गेले तेव्हा ठसे बंद करायचं ठरलं. १९९३ पासून कायम रहिवाशांची आणि २००० पासून सगळ्यांचीच या नोंदणीतल्या ठशांतून सुटका झाली. तुझ्या कार्डावर ठसा नाही तो यामुळे.

आता कायद्याकडे वळू. दोन निकाल लक्षात ठेव. पहिला १९७८ चा. रोनाल्ड मॅक्लीन हा इंग्रजी शिकवणारा अमेरिकन. त्याने न कळवता नोकरी बदलली आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतला, म्हणून त्याचा व्हिसा वाढवला नाही. न्यायालय म्हणालं, जे हक्क मुळातच फक्त नागरिकांचे नाहीत ते सगळे परदेशी माणसालाही आहेत, पण वास्तव्याच्या परवान्याच्या चौकटीत. म्हणजे बोलायचं स्वातंत्र्य आहे, पण बोलल्याचा हिशोब व्हिसा वाढवताना मांडता येतो! दुसरा निकाल १९९५ चा. विनाकारण ठसे न देण्याचं स्वातंत्र्य जपानात राहणाऱ्या प्रत्येकाला आहे, परदेशी माणसालाही, असं न्यायालयाने मान्य केलं. आणि लगेच पुढे म्हटलं, की तरीही ही पद्धत घटनेच्या विरुद्ध नव्हती. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. पण दिलेलं कागदावर राहिलं, हेही कमी नाही.

ठसे परत आले, तेही सांगते. २० नोव्हेंबर २००७ पासून विमानतळावर सोळा वर्षांवरच्या परदेशी प्रवाशांचे ठसे आणि फोटो घेतात. दहशतवाद्यांना रोखण्यासाठी, असं कारण. पिढीजात कोरियनांना त्यातून वगळलंय. ९ जुलै २०१२ ला जुना नोंदणी कायदा मोडीत निघाला आणि तुझ्या खिशातलं कार्ड आलं. त्यात तुझ्या भल्याचंही काही आहे. तेव्हापासून परदेशी कुटुंबांची नोंद जपानी कुटुंबांच्याच रहिवासी वहीत होते. मुलाच्या शाळेची सूचना, आरोग्यविमा, लसीकरणाचं पत्र हे सगळं त्या नोंदीवरून घरपोच येतं. म्हणून ‘पत्ता कळवा’ या मागणीला मी अन्याय म्हणणार नाही. घर बदललं की १४ दिवसांत कळवायचं, हे जपानी माणसालाही चुकलेलं नाही.

फरक पडतो तो चुकल्यावर. जपानी माणूस विसरला तर ५०,००० येनपर्यंतचा भुर्दंड, आणि तो गुन्हा नव्हे. तू विसरलास तर दोन लाख येनपर्यंतचा फौजदारी दंड, आणि सबळ कारणाशिवाय ९० दिवस गेले तर व्हिसाच रद्द होऊ शकतो. विसरभोळेपणा दोघांचा एकच, पण तुझ्या विसरण्याला हद्दपारीची वाट जोडलेली आहे. कार्ड बाळगण्याचंही तसंच. घरी विसरलास तर दोन लाख येनपर्यंत दंड, दाखवायला नकार दिलास तर एक वर्षापर्यंत कैद. असं कार्ड जवळ नसणं जपानी माणसाच्या बाबतीत गुन्हा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये जपानला सुनावलं होतं, की कायम रहिवाशांवर ही सक्ती आणि वर शिक्षा, हा भेदभाव आहे. पिढीजात कोरियनांची कार्ड बाळगण्याच्या सक्तीतून सुटका झाली २०१२ मध्ये. इतरांची अजून नाही.

आणि स्टेशनवरची गोष्ट. पोलिसाला कुणालाही थांबवून प्रश्न विचारायचे तर संशयाला सयुक्तिक कारण लागतं, असं जपानचाच कायदा सांगतो. चेहरा हे कारण होऊ शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये परदेशात मूळ असलेल्या तिघांनी टोकियोच्या न्यायालयात नेमका हाच दावा लावला. तेव्हा तू एकटा नाहीस.

आता आपल्या अंगणात बघू. गेल्या हिवाळ्यात माझी जपानी मैत्रीण आपल्या घरी राहायला आली, तर २४ तासांच्या आत ‘सी फॉर्म’ भरायची जबाबदारी माझी. तिचा फोटो, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आली, कुठे जाणार. पाहुणीला चहा देऊन होतो न होतो तोच मी तिचं पोलिसी टिपण लिहीत बसले होते. १८० दिवसांहून जास्त राहणाऱ्याला इथेही १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ आणि १९४६ चे कायदे जाऊन नवा कायदा आला, पण नोंदणी तशीच राहिली. आणि हजेरीचा जाच काय असतो हे महाराष्ट्राला परदेशी माणसाकडून शिकायला नको. इंग्रजांनी १८७१ पासून केलेल्या कायद्यांनी पारध्यांसारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, ठसे, गावाबाहेर जायला परवाना. तो शिक्का पुसला १९५२ साली. पोलिसांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. हे लोक तर इथलेच होते.

म्हणून माझं उत्तर असं. कळवायला लावणं हा अन्याय नाही. कळवायला चुकलेल्याला गुन्हेगार समजणं, चेहरा पाहून कागद मागणं, आणि माणसाचं अख्खं बस्तान एका मुदतीला टांगून ठेवणं, हा अन्याय. २०२४ मध्ये तिथला कायदा बदलला. जाणूनबुजून कर चुकवला तर कायम वास्तव्यही काढून घेता येईल. जपानी करबुडव्याला कोणी देशाबाहेर घालवत नाही. २०२४ च्या अखेरीस तिथे साडेसदतीस लाखांहून जास्त परदेशी राहत होते, त्यांना संसदेसाठी मत नाही. २०२५ च्या जुलैच्या निवडणुकीत ‘आधी जपानी’ म्हणणारा पक्ष चांगलाच वर आला. तुमच्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर आपले योगेंद्र पुराणिक २०१९ साली निवडून आले, तेही जपानी नागरिक झाल्यावर. ज्याला मत नाही त्याच्याविषयी नियम करणं फार सोपं असतं. तरी त्याच्याजवळ न्यायालय असतं, शेजारी असतात, आणि नशीब असेल तर कावासाकीच्या महापौरांसारखा कोणी काउंटरपलीकडे असतो.

तू ठसा नाकारणाऱ्यांच्या जिवावर हे कार्ड वापरतोस, त्यामुळे तुझ्या रागाला माझी हरकत नाही. फक्त राग आणि निष्काळजीपणा यांची गल्लत करू नकोस. त्या लोकांनी नकार दिला तो जाहीरपणे, नाव सांगून आणि परिणाम पत्करून. कंटाळा आला म्हणून फॉर्म न भरणं हा काही सत्याग्रह नव्हे. पुन्हा कोणी थांबवलं तर कार्ड दाखव आणि शांतपणे, आदरार्थी जपानीत विचार, की मलाच का थांबवलंत? तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेव. अशा टिपणांतूनच दावे उभे राहतात.

तुझी,
मावशी

ता. क. जुनी नोकरी सोडल्याची आणि नवी धरल्याची, अशा दोन्ही नोंदी १४ दिवसांच्या आत करायच्या असतात. ऑनलाइन होतात. पावतीचा फोटो काढून मला पाठव, म्हणजे तुझ्या आईला मी सांगेन की पोरगा रुळला.