यंत्राचें विरजण

यंत्राचा मोठा गुण हा कीं त्याच्या ठिकाणीं लहर नसते. एकच काम शंभर वेळां सांगा, शंभर वेळां तें सारखेंच करील. मात्र हाच गुण एका प्रसंगीं दोष ठरतो, आणि तो प्रसंग घरोघरच्या पैशाशीं निगडित असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहावेत असें आम्हांस वाटलें.

आमचें निवृत्तिवेतन बँकेंत जमा होतें, व त्याचा हिशेब मुलें आम्हांस घरीं बसून इंटरनेटवर दाखवितात. हा मजकूर वाटेंत कोणी वाचूं नये म्हणून तो गुप्त किल्लीनें बंद केलेला असतो. किल्ली म्हणजे कोणासही अदमास करतां येणार नाहीं असा प्रचंड अंक. असे यदृच्छ अंक पुरविणें हें ऑपरेटिंग सिस्टीमचें काम. त्याकरितां तिला आरंभीं एक बीज लागतें. त्यापासून अंकांची अखंड मालिका निघते खरी. परंतु बीज तेंच असेल तर मालिकाही तीच निघते. पेरावें तसें उगवतें, हा न्याय येथेंही चुकत नाहीं.

हें बीज आणावयाचें कोठून? १९९४ सालीं थिओडोर त्सो यांनीं लिनक्समध्यें अशी योजना केली कीं कीबोर्डवर बोटें पडण्यामधील सूक्ष्म कालांतरें, डिस्कच्या कामांतील विलंब, असे अनियमित क्षण वेंचून त्यांचें मिश्रण करावें. अडचण येते ती यंत्र नुकतें जागें होतें तेव्हां. त्या घटकेस एकही बोट पडलेलें नसतें. राउटरसारख्या लहान यंत्रास तर कीबोर्डच नाहीं. आणि पुष्कळदां नेमक्या पहिल्याच जागृतींत तें आपली कायमची किल्ली घडवून बसतें.

याचा परिणाम २०१२ सालीं उघडकीस आला. नादिया हेनिंगर व त्यांच्या तिघां सहकाऱ्यांनीं इंटरनेटवरील लक्षावधि यंत्रांच्या जाहीर किल्ल्या गोळा केल्या. आरएसए पद्धतीची जाहीर किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. त्याचे अवयव पाडणें आवांक्याबाहेरचें. परंतु दोन यंत्रांस एकच बीज लाभलें, पहिली मूळ संख्या सारखी निघाली, मध्येंच घड्याळाचा सेकंद पालटला, आणि दुसरी संख्या तेवढी निराळी झाली, तर? तर दोन्ही गुणाकारांचा मसावि काढतांच सामाईक अवयव हातीं येतो. युक्लिडाची, आणि आर्यभटाच्या कुट्टकांतीलही, ही परस्पर भागाकाराची रीत आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोटून घेतली. तिच्याच बळावर, तपासलेल्या टीएलएस यंत्रांपैकीं शेंकडा अर्ध्या यंत्रांच्या गुप्त किल्ल्या उघड्या पडल्या!

यावरील एक उपाय प्रत्येक गृहिणीस ओळखीचा वाटेल. आमच्या थोरल्या सूनबाई रोज दह्यांतून चमचाभर विरजण उद्यांकरितां राखून ठेवतात. संगणकही बंद होतांना कांहीं यदृच्छ अंक राखून ठेवतो, व पुन्हां जागा झाल्यावर ते नव्या मिश्रणांत घालतो. भेद इतकाच कीं उद्यांचें दहीं आजच्यासारखें व्हावें ही सूनबाईंची अपेक्षा. येथें तसें होतां कामा नये. म्हणून जुनें बीज वापरतांच त्याच्या जागीं नवें ठेवावें लागतें. आणि कारखान्यानें एकच बीज हजार यंत्रांत नकलून ठेवलें तर तें व्यर्थ होय.

पहिल्या दिवशीं मात्र विरजणच नसतें. तेव्हां थांबणें भाग आहे. २०१४ सालीं लिनक्समध्यें आलेली गेटरँडम ही सोय बीज पुरेसें होईपर्यंत मागणाऱ्यास सामान्यतः थोपवून धरते. २०१९ सालीं डिस्कचीं कामें कमी करणाऱ्या एका सुधारणेमुळें अनियमित क्षणच कमी मिळूं लागले, आणि कांहीं यंत्रें सुरू होतांना अडून बसलीं. तेव्हां लिनस टोर्वाल्ड्स यांनीं यंत्राच्या स्वतःच्या गतींतील बारीक चढउतारांपासून बीज जमविण्याची तजवीज केली.

या दोन प्रसंगांतील भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अडलेलें यंत्र लगेच दिसतें, त्याची तक्रार होते, व कोणीतरी तें दुरुस्त करतो. घाईनें घडविलेली किल्ली मात्र चांगल्या किल्लीसारखीच दिसते. कुलूप लागतें, उघडतें, आणि घरांत सर्व निर्धास्त असतात. सबब नवें यंत्र पहिल्यानें सुरू होण्यास अंमळ वेळ लावील तर तरुण मंडळींनीं चिडूं नये. व निर्माता ज्या सुधारणा पाठवील त्या वेळच्या वेळीं चढवून घ्याव्या.