पुढच्या हातासाठी

जुन्या लाकडी वस्तूवर ऑइल पेंट दिसला की हळहळणारे पुष्कळ भेटतात. ‘एवढं अस्सल सागवान, आणि त्याला हा रंग फासला!’ मला ही हळहळ पटत नाही. कोकणातल्या घरात चार महिने भिंतींना ओल असते, कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरते. तिथे दर काही वर्षांनी दिवाळीच्या आधी दारं-खिडक्या रंगवताना डब्यात उरलेला रंग टेबला-खुर्च्यांना द्यायचे. त्यामागे अरसिकपणा नव्हता, काळजी होती. त्या रंगाने पाणी अडवलं, किडीला बसायला जागा दिली नाही. आज खरवडण्याजोगं लाकूड माझ्यापर्यंत पोचलं, त्यात त्या रंगाचा वाटा मोठा आहे.

सध्या माझ्यापुढे असलेलं डेस्क चिपळूणकडच्या एका किराणा दुकानातलं, माझ्या आजेसासऱ्यांचं. मांडी घालून लिहायचं बैठं डेस्क. झाकण उतरतं, त्याच्या खालच्या कडेला कागद घसरू नये म्हणून ठोकलेली बारीक पट्टी. वरच्या सपाट भागात टाक ठेवायला खोबण आणि दौतीसाठी गोल भोक. झाकण उचललं की आत खतावण्या, पावत्या आणि सुट्या पैशांची जागा. एका कोपऱ्याशी टवका उडाला होता. तिथे भिंग धरलं तर सगळा इतिहास दिसत होता: वर पोपटी, खाली चॉकलेटी, त्याखाली मळका मोतिया आणि अगदी तळाशी, लाकडाला चिकटून, एक पातळ तांबूस पारदर्शक रेघ. ती रेघ पाहून मला आनंद झाला. ती लाख होती.

पण रंग काढण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यातही पिवळ्या आणि हिरव्या छटांत जास्त. आपल्याकडे २०१६च्या नियमांनी घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यांवर असं कायद्याचं बंधन नव्हतं. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, मशीनने तर नाहीच. ती धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावाटे तोंडात जाते. खाली प्लास्टिक अंथरायचं, चांगला मास्क लावायचा, घासायचंच झालं तर वॉटर पेपरने, ओलं ठेवून. निघालेले पापुद्रे पिशवीत बांधायचे, बंबात जाळायचे नाहीत. डब्यातला पेंट रिमूव्हरही मी घरात वापरत नाही. त्यातल्या काही प्रकारांत डायक्लोरोमिथेन असतं. बंद जागेत त्याची वाफ जिवावर बेतू शकते, शिवाय शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड होतो.

मी हीट गन वापरते, तीही कमी आचेवर, कारण फार तापवलं तर शिशाच्याच वाफा निघतात. इथे त्या तळच्या लाखेचा उपयोग कळतो. लाख साधारण ७५ ते ८० अंशांना मऊ पडते. गरम हवेचा झोत एका जागी न थांबवता फिरवत राहायचा. रंगावर बारीक फुगे उठले की पत्री आडवी धरून हलकेच पुढे सरकवायची. तिन्ही थर एकत्र, लांब पट्टीने सुटून येतात, कारण त्यांच्या पायाखालची लाखच सैल झालेली असते. रंग लाकडाच्या रेषांत शिरलेलाच नसतो, लाखेने त्याला वरच्यावर अडवलेलं असतं. हेच डेस्कच्या बुडाला येऊन पाहा. तिथे कुणी पॉलिश केलं नव्हतं, रंग थेट कोऱ्या लाकडावर बसला. तिथला एक-एक तळहाताएवढा भाग झाकणाइतका वेळ खातो.

मग उरतात रंगाचे ठिपके आणि चिकट लाख. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं ठेवून थांबलं की लाख पाझरते आणि ठिपकेही बरोबर घेऊन येते. कितीतरी दशकांपूर्वी सुकलेला थर आजही स्पिरिटला ओळख देतो, हा लाखेचा गुण मला फार मोलाचा वाटतो. ती पळस, कुसुंब, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्याची देणगी. तापवली की मऊ, गार झाली की घट्ट, म्हणूनच बालगंधर्वांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणातून साच्यात दाबून काढलेल्या.

डाव्या कोपऱ्याचा सांधा हलत होता. पेटीचे कोपरे डव्हटेलने, म्हणजे पंख्याच्या आकाराचे दाते एकमेकांत अडकवून जोडलेले, आणि मध्ये सरस. आजचा पांढरा गोंद असता तर सांधा उघडताना लाकूड फुटण्याचीच भीती जास्त होती. सरसाला मात्र गरम पाणी आणि धीर पुरतो. सुईच्या सिरिंजने फटीत पाणी सोडत राहिलं, रबरी हातोडीने हलके ठोके दिले, आणि दाते न दुखावता बाहेर आले. त्यावर सुताराने पेन्सिलीने केलेल्या खुणा अजून वाचता येतात. नवा सरस रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून पातळ केला. तो उकळू द्यायचा नसतो, उकळला की त्याची पकड जाते.

या कोपऱ्यापाशी बसल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. त्या सुताराने आणि पॉलिशवाल्याने जे काही केलं, ते पुन्हा उघडता येण्याजोगं होतं. सरस, लाख, पितळी स्क्रू: सगळ्यांतून परत आत जायला वाट ठेवलेली. मला हे डेस्क दुरुस्त करता आलं ते माझ्या कसबापेक्षा त्यांच्या या पद्धतीमुळे. म्हणून वरून काय द्यायचं हा प्रश्न नुसता दिसण्याचा राहिला नाही. पीयू किंवा मेलामाइनचं आजचं पॉलिश दिलं तर पाणी, चहा, ओरखडे यांची चिंता कमी. पण त्याला पुढे कुठे टवका उडाला तर तेवढंच ठिगळ नीट बसत नाही, बहुतेक वेळा सगळा थर काढावा लागतो. मी चपडा, म्हणजे लाखेच्याच पातळ पापड्या, निवडला.

लिटरभर स्पिरिटला साधारण दोन-अडीचशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर. सकाळी मलमलीतून गाळायचा. लोखंडी डबा नको, लाख काळवंडते. कापसाचा बोळा मलमलीत बांधून, अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम ओल यावी एवढाच भरायचा आणि लाकडाच्या रेषेने, मध्ये न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. थांबलात तर बोळा तिथेच चिकटतो. नवा हात खालच्या हाताला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून कितीही हात दिले तरी शेवटी थर एकच होतो. पावसाळ्यात हे काम करू नये. हवेतला दमटपणा लाखेत अडकून ती पांढुरकी पडते. थंडीतली कोरडी दुपार सर्वांत चांगली.

आता झाकणावर सागाच्या तपकिरी रेषा दिसतात, दौतीच्या भोकाभोवती शाईचा निळसर काळेपणा थोडा राहिला आहे. मुलगी त्यावर अभ्यासाला बसते. कधीतरी ती गरम कप ठेवेल आणि पांढरं वर्तुळ उमटेल. तेव्हा तिला पीठ मळायला शिकवलं तसा हा बोळाही हातात देईन. स्पिरिटचा एक हलका हात, वर चपड्याचे दोन, एवढ्यात डाग जातो. बिघडणार नाही असं काम माझ्याच्याने होणार नाही, कुणाच्यानेच होत नाही. बिघडल्यावर घरातल्या माणसाला दुरुस्त करता येईल, एवढं मात्र करता येतं, आणि ते मी मनापासून केलं आहे.